दोन राउटर आणि खिरीचं पातेलं

आमच्या घरात मोबाइलची रेंज येत नाही, कारण आमचे अण्णा भूकंपाला भितात.

दोन्हींचा संबंध आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांची उमर गेली. पडेगावात प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं, तेव्हा भूकंपात आडवी झालेली गावं त्यांनी नुकतीच डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे इंजिनिअरनं सांगितलं त्याच्या दुप्पट लोखंड त्यांनी स्लॅबमध्ये घातलं. इंजिनिअर म्हणाला, "अण्णा, घर बांधताय का पूल?" अण्णा म्हणाले, "लेकरं झोपणारेत खाली." इंजिनिअरनं लोखंडाचा आकडा बदलला. आता भूकंप आलाच तर सगळं पडेगाव आमच्याकडे राहायला येऊ शकतं. फक्त येण्याआधी त्यांनी फोन करू नये. लागणार नाही!

कारण त्या लोखंडातून टॉवरचा सिग्नल आत शिरत नाही. आमचे फोन वाजतात ते वायफायच्या जिवावर. वायफाय गेलं की आमचं घर जगाच्या दृष्टीनं मेलेलं असतं. (हे वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. पुढं कळेल.)

नेट येतं वरच्या मजल्यावर, आमच्याकडे. अण्णा आणि माय खाली राहतात. मध्ये तो स्लॅब. म्हणून लॉकडाऊनमध्ये मी 'मेश' नावाची व्यवस्था आणली. उपड्या ठेवलेल्या पांढऱ्या वाट्यांसारखी तीन यंत्रं. एक वर, एक जिन्यात, एक अण्णांच्या खोलीत. वरची वाटी जिन्यातल्या वाटीला नेट देते, जिन्यातली खालच्या वाटीला. माय रोज त्यांच्यावर रुमाल झाकायची, आणि वैशाली, माझी बायको, रोज काढायची. असं ते सुखानं चाललं होतं.

आता या वर्षी काय झालं, की अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आणि पुढ्यात वर्षावास.

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने आमच्या गावच्या, पिशोरच्या बुद्धविहारात ग्रंथवाचन असतं आणि ते अण्णा करतात. तरुण होते तेव्हापासून. नोकरीत असतानाही रविवारी पहिल्या एसटीनं पिशोर गाठायचे, वाचायचे आणि परत यायचे. ताप असो, पूर असो, कारखान्यात संप असो, अण्णांचा रविवार कधी चुकला नाही. ज्या माणसाला शाळा चौथीत सोडावी लागली, त्याला अख्खं गाव हात जोडून ऐकतं, हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रमोशन होतं. आणि डॉक्टर म्हणाले, प्रवास बंद!

अण्णा दोन दिवस जेवले नाहीत नीट. तेव्हा मी पुढं झालो.

"अण्णा, इथूनच वाचा. व्हिडिओ कॉल लावू. विहारात टीव्ही हायेच, त्याला फोन जोडतील. तुम्ही समोर बसल्यासारखे दिसाल."

"आवाज तुटंल मधीच."

"एक शब्द तुटणार नाही. मी सांगतो ना!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. बी.कॉम. आमच्या घरात या डिग्रीचा अर्थ असा, की जगातलं सगळं मला ठाऊक आहे. मागं मोरीत साप निघाला तेव्हा घरात तीन धट्टेकट्टे पुरुष पाहुणे असताना मायनं मला हाक मारली होती, "मिलिंदा, तू शिकलेला हायेस, बघ बरं ईखारी हाय का!" त्यामुळे आताही अण्णा एवढंच म्हणाले, "तू म्हणतोस तर बरं."

पहिले काही रविवार झकास गेले. मग एका संध्याकाळी वीज कडाडली आणि खालची वाटी गेली. कंपनीला विचारलं तर ते म्हणाले, तसली वाटी आता बनत नाही, नवीन जातीच्या वाट्या जुन्यांशी बोलत नाहीत, अख्खा संच नवीन घ्या. त्याची किंमत ऐकून वैशाली म्हणाली, "एवढ्यात तर अण्णांचा दुसरा गुडघा होईल."

ठरलं, की स्वस्तातलं काहीतरी घ्यायचं. आणि इथं माझ्यातला खरेदी विभाग जागा झाला. मी एका कारखान्यात खरेदीत आहे. आमच्याकडे झाडू घ्यायचा तरी तीन कोटेशनं लागतात, आणि ही सवय माझ्या रक्तात उतरलीय. (लग्नाच्या वेळी मुली किती पाहिल्या, असं वैशालीनं विचारलं आणि मी बेसावधपणे 'तीन' म्हणालो. तेव्हापासून माहेरी माझं नाव 'कोटेशन' आहे.)

मी आठवडाभर व्हिडिओ पाहिले. घराचा नकाशा काढला. हातात फोन धरून सिग्नल मोजत खोल्याखोल्यांतून फिरलो, ते पाहून माय वैशालीला म्हणाली, "ह्याला काय झालंय? दिवसभर झोपेत चालल्यावानी करायलाय." मग पैठण गेटला जाऊन तीन दुकानांत भाव काढले. तिसऱ्या दुकानात कलीमभाई म्हणून गृहस्थ होते. त्यांनी खोक्यातून सहा अँटेनांचा काळा राउटर काढून टेबलावर असा ठेवला, की जणू बैलच बाजारात उभा केला.

"साब, ये लेके जाव. छे शिंगां हैं. दीवार को देखताच नै, सीधा जाता!"

"स्लॅब में डबल लोहा है."

कलीमभाई विचारात पडले. मग म्हणाले, "तो दो लेके जाव."

मला हे पटलं! एक वर, एक खाली, आणि मधे जिन्यातून वायर. मेशपेक्षा कितीतरी स्वस्त. घरी आणून मी दोन्ही राउटर अण्णांसमोर मांडले. अण्णा मशीनची पारख वजनावर करतात. त्यांनी एक राउटर उचलला, तळहातावर तोलला.

"हलकंय. आत काय नाय ह्याच्यात."

"अण्णा, यात लोखंड नसतं."

"तेच म्हणलं मी."

माय म्हणाली, "ह्याच्यावर रुमाल कसा बसंल? शिंगं मधी येत्यात."

थोडक्यात, खरेदीला घरच्यांची तांत्रिक मान्यता मिळाली नव्हती. पण रविवार तोंडावर आला होता, शिवाय त्या दिवशी पौर्णिमा. पिशोरच्या विहारात खीर व्हायची होती, सगळं गाव जमायचं होतं. सकाळी वरचा राउटर लावला. मस्त चालला! दार उघडं ठेवलं तर जिन्यातून झिरपत खाली अण्णांच्या उंबऱ्यापर्यंत नेट येत होतं. अण्णांची खुर्ची उंबऱ्यात ओढली, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवला आणि कॉल लागला. पलीकडून आत्याचा आवाज आला. गयाबाई आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, पिशोरच्या विहाराची खरी मालकीण.

"जय भीम दादा! दिसायलास बग. चष्मा पूस, घाण झालाय!"

अण्णांनी चष्मा पुसला, ग्रंथ उघडला आणि वाचायला लागले. सगळं छान चाललं होतं. तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. पण दुसरा राउटर खोक्यात पडून होता आणि तो मला बघवत नव्हता. पाच मिनिटांचं काम! मी वर गेलो, वायर जोडली, जिन्यातून खाली सोडली आणि खालचा राउटर सुरू केला.

झालं काय, ते मला नंतर कळलं. एका घरात दोन राउटर लावायचे तर त्यातल्या एकाला आधी सांगावं लागतं, की बाबा रे, तू धाकटा. हे मी सांगितलंच नाही. त्यामुळे दोघंही स्वतःला घरातला कर्ता समजून हुकूम सोडायला लागले. फोनांना कळेना, कुणाचं ऐकायचं. आणि असं कळेनासं झाल्यावर नवी सून जे करते तेच त्यांनी केलं. गप्प बसले.

मी दोन्ही राउटर बंद केले, चालू केले. मग मागच्या रीसेटच्या भोकात टाचणी खुपसली. लाल दिवा. दुसऱ्याच्या भोकात खुपसली. तिथंही लाल!

वैशाली वर आली. "अहो, कॉल कट झालाय."

"माहितेय. अण्णांना कळलं?"

"नाही. ते मान खाली घालून वाचतायत."

"सांगू नको! पाच मिनिटांत येतं."

"आणि मायंना?"

"तिला सांग, गप्प बसायला."

ती मान हलवत खाली गेली. मी टेबलाखाली शिरलो. खालून अण्णांचा संथ आवाज येत होता. त्या रिकाम्या फोनपुढं, एकेक शब्द मोत्यासारखा ठेवत ते वाचत होते, आणि मी टेबलाखाली घामानं निथळत होतो. 'एक शब्द तुटणार नाही' म्हणालो होतो! मधेच खालून "साधू, साधू, साधू" असं बाईच्या आवाजात ऐकू आलं. मी चमकलो. ग्रंथाचा भाग संपला की विहारातली मंडळी तसं म्हणतात. म्हणजे नेट आलं की काय? दिवे तर लाल! मी ठरवलं, दिवाच खराब असणार. तरी टाचणी काही खाली ठेवली नाही.

तिकडे पिशोरला काय चाललं होतं, ते आत्यानं मला नंतर इतक्या वेळा सांगितलंय, की मी तिथंच होतो असं मला वाटतं. नेट गेलं त्या क्षणी अण्णा नेमके आवंढा गिळायला थांबले होते. डोळे मिटलेले, तोंड उघडं, मान एका अंगाला. आणि तेच चित्र विहारातल्या भल्यामोठ्या टीव्हीवर गोठलं!

मंडळी आधी वाट बघत राहिली. त्यांना वाटलं, दादा ध्यानाला लागले. मग आत्या टीव्हीजवळ जाऊन ओरडली, "दादा! ए दादा!" दादा हलेनात. मग चित्रही गेलं. आत्यानं अण्णांना फोन लावला. बंद. मला लावला. बंद. वैशालीला, बंद. मायला, बंद.

"आख्खं घर बंद!" आत्या नंतर मला म्हणाली. "मंग माणसानं काय समजायचं? एकाचा फोन बिघडतो. समद्यांचा कसा बिघडंल? म्हणलं, दवाखान्यात पळाले, न्हायतर..."

विहारातून उठून ती सरळ पिकअपवाल्याकडे गेली.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी नेट कंपनीच्या वायरशी झटत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम खाली गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बायकांचा रडण्याचा. मोठ्यानं, एकसाथ.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की अण्णांच्या वाचनाचा आवाज थांबलाय.

मी टेबलाखालून उठलो तो डोकं आपटूनच. जिना कसा उतरलो, आठवत नाही. हातात टाचणी तशीच. मनात एकच, की मी वर दिव्यांशी खेळत बसलो आणि खाली...

खाली फाटकात पिकअप उभा होता. त्यातून पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे उतरत होते. वर्षावासाच्या वाचनाला सगळे पांढऱ्या कपड्यात बसतात, तसेच उठून आले होते. सगळ्यात पुढं आत्या, पदर तोंडाला. आणि दारात, वॉकर धरून, अण्णा उभे होते. स्वतःच्या पायावर. आणि ढसाढसा रडत होते!

"गया, कोण गेलं गं?" अण्णा म्हणत होते. "पिशोरला कोण गेलं? मला फोन तर करायचा!"

आत्यानं त्यांना पाहिलं आणि किंचाळली. मग त्यांच्या गळ्यात पडून आणखी जोरात रडायला लागली. अण्णांना वाटलं, फारच जवळचं कुणीतरी गेलं. तेही आणखी जोरात. मागच्या बायकांना पुढचं दिसत नव्हतं, त्यांनी सूर सोडला नव्हता. आणि मी अण्णांना जिवंत बघून पायरीवर बसलो आणि मीही सुरू झालो. दहा-पंधरा मिनिटं आमच्या अंगणात सगळे रडत होते आणि मेलेलं कुणीच नव्हतं.

एवढ्यात गर्दीतून समोरचे कुलकर्णी काका वाट काढत आले. निवृत्त हेडक्लार्क, गल्लीतल्या प्रत्येक अडीअडचणीला धावणारा माणूस. हातात चहाचा थर्मास. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मिलिंद, धीर धर. तू कसली काळजी करू नको. अशा वेळी घरच्यांना सुचत नाही. मी शववाहिनीला फोन केलाय."

"काका, कुणासाठी?"

"अरे, अण्णांसा..." म्हणत त्यांनी वर पाहिलं. अण्णा त्यांच्याकडेच पाहत होते.

"बसा काका," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "आमच्याकडं कुणीतरी गेलंय. कोण, ते कळंना."

मग सगळा उलगडा झाला. आत्यानं टीव्हीवरचं उघडं तोंड करून दाखवलं. कुणीतरी हसलं. मग सगळेच. पिकअपच्या मागून दोन गडी एक भलंमोठं झाकलेलं पातेलं उतरवत होते.

"आत्या, हे काय?"

"खीर."

"तू रडायला येताना खीर घेऊन आलीस?"

"मंग टाकून द्यायची व्हय? लई दूध गेलंय त्याच्यात!" आत्या फणकारली. मग आवाज उतरवून म्हणाली, "अन् मनात म्हणलं, दादा धडधाकट असला तर लागंलच की."

हसणं चालू होतं, पण अण्णांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. ते माझ्याकडे वळले.

"नेट कधी गेलं व्हतं?"

"सुरुवातीलाच, अण्णा... जरासं..."

"मग मी मघापास्नं वाचलं, ते कुणाला?"

रविवार न चुकवणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, की पोह्यांच्या डब्याला?

"मला," मागून माय म्हणाली.

अण्णांनी वळून पाहिलं. माय दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"तुला?"

"मंग? मी काय माणूस न्हाई? जलमभर तुमी म्होरं वाचायचे अन् मी विहाराच्या मागं खिरीपाशी. कदी एक पान धड ऐकाया भेटलं न्हाई. आज बसले तुमच्या पाठीमागं. साधू साधू बी म्या म्हणले. तुमाला वाटलं, पिशोरच्या बाया म्हणत्यात."

अण्णांनी नाक ओढलं, चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "कळलं का सगळं?"

"तुमी घाई लई करता," माय म्हणाली.

आत्या मधे पडली. "वहिनीचं झालं, पन आमचं ऱ्हायलंय! आमचं पयल्याच पानावर थांबलंय. दादा, पुन्यांदा वाच."

अंगणात सतरंज्या पडल्या. अण्णांना खुर्ची दिली. खिरीपाशी जायला माय उठली, तर अण्णा म्हणाले, "तू बस. खीर वैशाली आन् मिलिंद बघतील." मग माय सगळ्यांच्या पुढं, अगदी खुर्चीच्या पायाशी बसली आणि अण्णांनी पहिल्या पानापासून सुरू केलं. या खेपेला घाई न करता. कुलकर्णी काका गेटाजवळ मांडी घालून ऐकत होते. मधेच शववाहिनी आली. ड्रायव्हर खाली उतरून हळूच म्हणाला, "बॉडी कुठंय?" अण्णांनी पानावर बोट ठेवून त्याला हातानं खूण केली, की बस, संपत आलंय, खीर खाऊन जा. तो बसला. दोनदा घेतली त्यानं.

त्या आठवड्यात मी खोक्यातला कागद वाचला. (राउटर घेतल्यावर तो आधी वाचायचा असतो, असं आता माझं मत आहे.) खालच्या राउटरला धाकटेपणा समजावला. वायर ठोकून पक्की केली. पुढच्या रविवारी कॉल लागला तो काचेसारखा. अण्णा एवढे लख्ख दिसत होते, की पिशोरला त्यांच्या दाढीचे खुंट मोजता आले असते. आवाज खणखणीत. माय खुर्चीशेजारी बसलेली. मी छाती पुढं काढून मागं उभा.

अण्णांनी ग्रंथ उघडला. पण पलीकडून आत्याचा चेहरा काही हलेना. मला घाम फुटला. मग लक्षात आलं, की ती गोठलेली नाही, नुसती गप्प आहे.

"आत्या, दिसतंय ना? ऐकू येतंय?"

"दिसायलंय. लई झ्याक दिसायलंय." आत्या नाराज होती. मागून गाडीचं इंजिन घरघरताना ऐकू येत होतं.

"मग काय झालं?"

"आरं, बाया कवाच्या पिकअपमधी बसल्यात, पातेलं बी चढवलंय. तू बंद कदी पाडतोस?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मायकडे पाहिलं. मग ग्रंथ मिटून, पानात बोट तसंच ठेवून, ते मला म्हणाले, "पाड की."

मी पुढं झालो आणि राउटरचं बटण बंद केलं. पहिल्याच फटक्यात जमलं.